धुऱ्यावरची चांदी

“पाटाचीच बायको आहे ना? लग्नाची असती तर मी बोललो नसतो,” किसनराव म्हणाले. “तिच्यापायी साऱ्या घराले पोलीस लावून घेतो काय बे?”

“पाटाची म्हणजे रस्त्यावरची काय?” निवृत्ती ओसरीवरून अंगणात उतरला. “पाट लागला तवा तुम्हीच पुढं होते. नारळ कोनं फोडला?”

“मीच फोडला. आता डोकंबी माझंच फुटून राह्यलं.”

“तुमच्या डोक्याले काय झालं? वारंट सगुणेच्या नावाचं आहे.”

“अन् पाटीलकी कोनाच्या नावाची आहे? सख्ख्या पुतण्याच्या घरात मोगलाईतली चोरटी बाई दोन वर्षं बसली अन् पोलीस पाटलाले पत्ता नाही. साहेब विचारंन का नाही विचारंन?”

“ती चोरटी नाही.”

“मले नको सांगू. कागदाले सांग.”

कागद बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या शिपायाच्या पिशवीत होता. तो बुलढाण्याहून पहाटेच निघाला होता आणि आता दुसरा गडू ताक पीत होता. पाटलाचं घर, त्यात बाईच्या अंगावर पितं लेकरू, म्हणून त्याने बेडी काढली नव्हती. जेवणं झाली की बैलगाडीत बसवून चला, एवढंच म्हणाला होता.

ज्या बाईवरून हे चाललं होतं ती चुलीपुढे भाकरी थापत होती. आठ महिन्यांची पोर तिच्या मांडीवर आडवी झोपली होती. सगुणेच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, त्यामुळे तिची भाकर एका बाजूला जरा जाड व्हायची. पहिल्या नवऱ्याने, तुळशीरामने, तो हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. या घरात आल्यापासून त्या जाड भाकरीबद्दल कोणी तिला बोललं नव्हतं.

निवृत्तीची आई मनकर्णाबाई दाराआड तूर पाखडत बसली होती. किसनराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, हा नेम तिने लग्न होऊन आल्यापासून पाळलेला. काही विचारायचं असलं की ती पोराला विचारी, पोर जवळ नसला तर भिंतीला. किसनरावही भिंतीकडे पाहूनच उत्तर देत. घरात कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

“निवृत्ती, विचार त्याईले,” ती सुपाकडे पाहत म्हणाली, “नवरा सोडला म्हनून इंग्रज सरकार बाई परत देते काय?”

“नवरा सोडल्याचं कागदात कायबी नाही,” किसनराव भिंतीला म्हणाले. “चोरीचं आहे. गळ्यातली चांदीची सरी अन् पायातले तोडे घेऊन पळाली म्हनते. हैदराबादच्या रेसिडेंटसाहेबाची सही आहे त्याच्यावर.”

सूप वर गेलं ते तसंच थांबलं. मूठभर तूर जमिनीवर सांडली. मनकर्णाबाई एकेक दाणा वेचू लागली आणि दाणे संपले तरी तिची बोटं जमिनीवरून फिरत राहिली.

ती सरी त्याच खोलीत होती. तिच्या पाठीमागच्या धान्याच्या कोठीत, तुरीच्या तळाशी, चिंधीत बांधलेली.

*

मनकर्णाबाईचं सगळं आयुष्य या शिवेला घासत गेलं होतं. माहेर मोगलाईत, दोन कोसांवर. नवव्या वर्षी ती इंग्रजी मुलखात नांदायला आली, म्हणजे एक नाला आणि वावराचा एक धुरा, एक बांध, ओलांडून आली. इकडे वऱ्हाड, तिकडे निजामाचं राज्य, हे तिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं आणि मोठे साहेब नागपूरला बसू लागले, हेही तिने असंच ऐकून सोडून दिलं. तिला शीव माहीत होती ती वावराच्या धुऱ्यावरच्या दगडाएवढीच. दुपारी भाकर सोडायला ती त्या दगडाला टेकून बसायची, तेव्हा पाय मोगलाईत पसरलेले असायचे.

सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. निवृत्ती पाच वर्षांचा, विमल अंगावर. वाटणीत भावकीने तिच्या पदरात शिवेलगतची पट्टी टाकली. मोगलाईतली गुरं येऊन चरून जातात म्हणून ती कोणाला नको होती. मनकर्णाबाईने धुऱ्यावर काटेरी कुंपण घातलं, दगडापुरती जागा तेवढी मोकळी ठेवली आणि वीस वर्षं ती पट्टी कसली. गावातल्या बायका म्हणत, मनकर्णाबाईच्या घरात मांजरसुद्धा दूध विचारून पिते. दुसऱ्याच्या वावरातली बोरं तिने कधी पोरांना खाऊ दिली नाहीत. अशा बाईच्या कोठीत दुसऱ्याची चांदी पडून होती.

तो दगड तिच्या धुऱ्यावर होता, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. त्यांच्या भावकीत बाईची काडीमोड झाली की कागद करत नसत. पंच सांगत, आणि नवऱ्याने अंगावर घातलेलं सगळं त्या बाईने शिवेवरच्या दगडाजवळ नेऊन ठेवायचं. ठेवलं की मागे वळून पाहायचं नाही. पहिल्या घरच्यांनी दिवेलागणीच्या आत येऊन ते उचलायचं. तेही कोणी पाहायचं नाही, नव्या घरच्यांनी तर मुळीच नाही. पाहिलं तर पहिलं घर तुटत नाही आणि पाट टिकत नाही, असं सगळे मानत.

सगुणेचा पाट ठरला तेव्हा मनकर्णाबाई धुऱ्याच्या अलीकडे पाठमोरी उभी होती. पोरीच्या पायातून तोडे निघाल्याचा आवाज तिने ऐकला. मग सगुणा रिकाम्या पायांनी तिच्याजवळ आली आणि दोघी न वळता घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई गवत कापायला धुऱ्यावर गेली. दगडाच्या पायथ्याशी, तिच्याच बाजूला, चिंधीत बांधलेली चांदी तशीच पडलेली. तुळशीरामच्या घरचं कोणी आलंच नव्हतं. एखादा गुराखी घेऊन जाईल, या विचाराने तिने ती ओच्यात घातली. परत पाठवायची, एवढंच तिच्या मनात होतं.

पण पाठवायची कशी? कोणाच्या हाती दिली तरी ‘मनकर्णाबाईनं पाहिलं’ हे सांगावं लागणार. मग पंच बसणार, पाट मोडला म्हणणार, पोर पुन्हा त्या दाराच्या फटीशी. आज नाही उद्या करता करता तीन महिने गेले. तेवढ्यात विमलचं लग्न मोताळ्याला ठरलं. व्याह्यांनी पायात चांदीचे तोडे मागितले. मनकर्णाबाईने कोठीतून तोडे काढले, सोनाराकडून उजळून आणले आणि पोरीच्या पायात घातले. सरी तेवढी राहिली. त्या दिवसापासून परत पाठवायचा विचार तिने मनात येऊ दिला नाही.

*

बुलढाण्याला कचेरीबाहेर अब्दुल गनी अर्जनवीस आपली लाकडी पेटी मांडून बसत. मोडी, उर्दू, दोन्हींत लोकांचे अर्ज लिहीत. कचेरीतल्या वकिलांपेक्षा कायदा त्यांना जास्त समजतो, असं खेड्यांतली माणसं म्हणत. वकील मात्र तसं म्हणत नसत. निवृत्तीने सगळी हकीकत सांगितली. गनीभाई चष्मा पुसत ऐकत राहिले. सगुणा शिपायाच्या बाजूला उकिडवी बसून पोरीला पाजत होती.

“पहिले एक समजून घ्या,” ते म्हणाले. “बाई नवरा सोडून आली, एवढ्यासाठी हे सरकार कोनाले परत देत नाही. तिकडच्या राज्याले गुन्हेगार द्यायचे, तर गुन्ह्यांची एक यादी आहे. खून, दरोडा, चोरी, असं. नवरा सोडनं त्या यादीत नाही. म्हनून तुमच्या तुळशीरामनं चोरी लिहिली. त्याले कोन्या हुशार मानसानं शिकवलं असंन.”

“पण तिनं चोरी केली नाही, गनीभाई.”

“ते इकडचा साहेब पाहत नाही.”

“मंग पाहते काय?”

“तीन गोष्टी. गुन्हा यादीतला आहे काय? कागद रेसिडेंटसाहेबाच्या सहीचा आहे काय? अन् समोर उभी आहे ते मानूस कागदातलंच आहे काय? तिन्ही बरोबर असलं का हवाली. खरं काय, खोटं काय, ते तिकडच्या कोर्टानं पाहायचं.”

“म्हणजे आधी वाघाच्या तोंडात द्या, अन् मंग वाघाले विचारा,” निवृत्ती म्हणाला.

“असंच समज, बेटा. एक वाट आहे. साहेब तिचा जबाब घेईन. त्याले वाटलं तर तो नागपूरले सरकारकडं लिहू शकते, अन् जवाब येईपर्यंत जामिनावर सोडू शकते. जबाब नीट द्या, बाई. अन् रडू नका. रडलं का साहेब घड्याळाकडं पाहते.”

सगुणा रडली नाही. डिप्टी कमिशनर साहेबांपुढे ती उभी राहिली, तेव्हा मनकर्णाबाई आणि निवृत्ती दाराजवळ होते. शिरस्तेदाराने आधी तुळशीरामची फिर्याद मराठीत वाचून दाखवली. बायको दागिन्यांसकट निघून गेली. पंचांनी दागिने शिवेवर ठेवायला सांगितले होते. आपण रागात होतो म्हणून त्या दिवशी गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, तर दगडाजवळ काही नव्हतं. तेव्हा तिने ठेवलेच नाहीत. दोन वर्षं वाट पाहिली. दागिने आले नाहीत म्हणजे काडीमोडही झाली नाही. बाई अजून माझीच आहे.

चौथ्या दिवशी. मनकर्णाबाईने दाराची चौकट धरली. आजवर ती समजत होती की तुळशीराम नुसता खोटं रचतो आहे. तो आला होता. ती तिसऱ्या दिवशी गेली आणि तो चौथ्या.

“दागिने नेले का?” शिरस्तेदाराने विचारलं.

“नाही. दगडाजवळ ठेवले,” सगुणा म्हणाली.

“ठेवताना कोणी पाहिलं?”

“पाहायचं नसते.”

शिरस्तेदाराने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि काही विचारलं.

“का पाहायचं नसतं, असं साहेब विचारतात.”

“मोडते, साहेब.”

“काय मोडतं?”

सगुणेला ते कसं सांगायचं कळेना. तिने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं, मग खांद्यावरून घसरणाऱ्या पदराकडे. शिरस्तेदाराने थोडा वेळ वाट पाहिली आणि ‘उत्तर नाही’ असं लिहिलं.

तरी साहेब वाईट नव्हते. त्यांची नजर अंगावरच्या लेकराकडे गेली असेल, किंवा ते दगडाचं प्रकरण त्यांना विचित्र वाटलं असेल. नागपूरला लिहितो, म्हणाले. तोवर दोन जामीन द्या. एक निवृत्तीच्या ओळखीचा निघाला. दुसरे किसनराव. ते रात्रभर कुरकुरले आणि सकाळी येऊन अंगठ्याऐवजी ऐटीत सही करून गेले.

गाडी जुंपेपर्यंत मनकर्णाबाई एकटीच गनीभाईंच्या पेटीजवळ आली.

“गनीभाई, एक विचारू काय? दगडापासून तिसऱ्याच कोनी ते उचललं असंन तर?”

“कोनी?”

“समजा. कोनीतरी.”

“दगड कोनाच्या हद्दीत आहे?”

“आमच्या धुऱ्यावर. चांदी इकडच्या अंगाले होती... असंन.”

गनीभाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “इकडच्या हद्दीतून इकडच्या मानसानं उचललं, अन् त्या मानसानं माल आणून साहेबापुढं ठेवला, तर साहेब पुन्हा नागपूरले लिहीन. सरकार वारंट थांबवू शकते. मंग खटला इथंच चालंन, त्या मानसावर. त्याले अकोल्याच्या जेलात पाठवतीन, मोगलाईत नाही.”

“अन् नुसतं तोंडानं सांगितलं, माल नाही दाखवला तर?”

“मंग साहेब म्हनंन, घरचे खोटं बोलतात. माल पाहिजे. सारा.” त्यांनी दौतीचं झाकण लावलं. “अन् बाई शिवेपलीकडं जायच्या आत. एकदा तिनं शीव ओलांडली, का मी लिहिलेला कागद अन् पतंगाचा कागद एकच. पन हा तिसरा मानूस कोन, मनकर्णाबाई?”

“मले काय माहीत,” ती म्हणाली.

*

पंधरा दिवसांनी ती विमलला भेटायला म्हणून मोताळ्याला गेली. बाजाराचा दिवस होता. व्याही आणि जावई बाजारात गेले होते. विहीणबाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या.

“या. लेकीची आठवण झाली म्हनायची,” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्या कानावर आलं, तुमच्या सुनेले पोलिसानं धरलं म्हनून.”

“जामिनावर आहे.”

“असंन. आमच्यात नाही असं होत. आमच्या घरात पोलीस आला तो एकदाच, अन् तोबी रस्ता विचारायले.”

मनकर्णाबाईने विमलला गोठ्यात गाठलं. विमल शेण काढत होती. लुगडं खोचलेलं आणि पायात तोडे. शेणाने माखू नयेत म्हणून तिने ते पिंडरीवर चढवून फडक्याने बांधले होते. मनकर्णाबाईने एका दमात सगळं सांगितलं. दगड, चिंधी, सोनार. विमलच्या हातातली टोपली तशीच राहिली.

“म्हणजे दोन वर्षं मी वहिनीच्या पहिल्या नवऱ्याची चांदी घालून फिरून राह्यली?”

“हाव.”

“वहिनीले माहीत आहे?”

“कोनालेच नाही.”

विमलने बाहेर एक नजर टाकली. “मांगच्या दिवाळीत पितळेची पळी हरवली होती, आई. दोन दिवस मले उपाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती उतरंडीमांगं सापडली. तर म्हने, ठेवली होती तुनंच, भेवून काढून दिली.” तिचा आवाज चढला नाही. “चोरीचे तोडे घालून आली म्हनल्यावर मले ठेवतीन ते?”

“नाही ठेवनार.”

“मंग?”

“मंग काय. पाहायले आली होती.”

“पाहिलं ना?” विमलने खोचलेलं लुगडं सोडलं. ते घोट्यापर्यंत खाली आलं आणि तोडे झाकले गेले. “मी तुझी लेक आहे. ती पाटानं आलेली. एवढं तुले समजत नसंन तर मी काय सांगू.”

निघताना विहीणबाईंनी ओच्यात मूठभर शेंगा घातल्या. मनकर्णाबाई घाट चढून बुलढाण्याला आली आणि तिथून घरी. शेंगा तिने वाटेत कुणाला दिल्या, ते तिला आठवलं नाही.

सगुणेने पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, “विमलताई बऱ्या आहेत ना, आत्याबाई?”

“बरी आहे,” मनकर्णाबाई म्हणाली. “जाड झाली.”

त्यानंतरचे दिवस तिने कामात घालवले. कोठीतली तूर खाली खाली जात होती. रोज डाळीला तूर काढायची तर ती स्वतः काढी. सगुणा पुढे झाली की म्हणे, “राहू दे, तुझ्या बोटाले टोचंन.” नागपूरचं काय झालं, ते निवृत्ती दर आठ दिवसांनी विचारून येई. साहेब चांगला आहे, तो म्हणे. नाही पाठवणार. हे ऐकलं की मनकर्णाबाईला त्या दिवसापुरती झोप लागे. सरकारने आपणहून थांबवलं तर कोणालाच काही सांगावं लागणार नाही. सून राहील, लेक राहील, सरी नाल्यात टाकून देता येईल. तिने नाल्यातली जागासुद्धा पाहून ठेवली होती.

मंगळवारी शिपाई आला. या वेळी त्याने ताक घेतलं नाही. नागपूर सरकार या प्रकरणात मध्ये पडू इच्छीत नाही. गुरुवारी दहा वाजता बाईला शिवेवरच्या नाक्यावर मोगलाईच्या अमिनाच्या, म्हणजे तिकडच्या फौजदाराच्या, हवाली करावं. पोलीस पाटलाने तोवर तिच्यावर नजर ठेवावी आणि तिला नाक्यावर हजर करावं.

निवृत्ती तसाच धावत बुलढाण्याला गेला आणि बुधवारी दुपारी परत आला. चेहरा धुळीने भरलेला. लेकराचं विचारून आला होता. कागदात लेकराचं नाव नाही, सोबत नेलं तर कोणी अडवत नाही, असं गनीभाई म्हणाले होते. पण तिकडे काडीमोड झालीच नाही असं ठरलं, तर तुळशीराम लेकरूही आपलंच म्हणेल.

“मंग नको,” सगुणा एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने मनकर्णाबाई परसात गेली, तेव्हा सगुणा पाट्यावर काहीतरी वाटत होती. हिरवा लगदा. वाकड्या बोटांमुळे वरवंटा तिरका चालत होता.

“काय वाटते व? पोरीले गळू झालं काय?”

“नाही.” सगुणेने लगदा बोटावर घेतला. “कडुनिंब आहे. लावलं का तोंड धरत नाही. दोन दिवस रडंन, मंग विसरते.” ती भिंतीकडे तोंड करून बसली, पदर बाजूला केला आणि पोरीला जवळ घेतलं. पोरीने तोंड लावलं, मागे घेतलं, आईकडे पाहिलं. पुन्हा लावलं. मग ओठ वाकडे करून रडायला लागली. सगुणेने तिला तसंच धरून ठेवलं. “पांढऱ्या शेळीचं दूध देजा, आत्याबाई. कबऱ्या शेळीचं पचत नाही तिले. पानी घालजा निम्मं. अन् उजव्या अंगावर निजवजा. डाव्यावर दचकते.”

“हाव.”

“रातच्याला उठली तर त्याईले नका उठवू. त्याईले वावरात जा लागते.”

“हाव.”

पोर रडून रडून हुंदके देत पुन्हा तोंड लावत होती. तिला अजून पटलं नव्हतं की हे तेच आहे.

“एक विचारू?” सगुणा भिंतीकडेच पाहत म्हणाली. “मी ठेवलं होतं ना? तुम्ही आवाज ऐकला होता. मंग कोनं नेलं असंन?”

मनकर्णाबाई उठली आणि घरात गेली.

ओसरीवर किसनराव आले होते. उद्याच्या गाडीचं ठरवत होते. कोणते बैल जुंपायचे, किती वाजता निघायचं. निवृत्ती खांबाला टेकून खाली बसला होता. आतल्या खोलीत मनकर्णाबाईने कोठीत हात घातला. तूर आता कोपरापर्यंतच उरली होती. तिने चिंधी बाहेर काढली, झटकली आणि ओसरीवर येऊन किसनरावांच्या पायापाशी ठेवली. गाठ सोडली. सरी काळी पडली होती.

किसनरावांनी सरीकडे पाहिलं आणि मग सवयीने भिंतीकडे.

“इकडं पाहा, दादाजी,” मनकर्णाबाई म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती त्यांच्याशी सरळ बोलत होती. पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तिने तो सावरला नाही. “ही सगुणेची सरी. तिसऱ्या दिवशी दगडापासून मी उचलली. तोडेबी मीच उचलले. ते विमलच्या पायात आहेत.”

निवृत्ती उठून उभा राहिला. मागे दारात सगुणा येऊन थांबली होती. पोर तिच्या खांद्यावर अजून हुंदके देत होती.

“तुम्ही पाहिलं?” किसनराव हळू म्हणाले. “शिवेवरचं पाहिलं? मंग पाट?”

“पाहिलं. पाट मोडला का राह्यला, ते तुम्ही पंचात ठरवा. मले विचारू नका.”

“अन् तुळशीराम चौथ्या दिवशी आला होता म्हनते...”

“आला असंन. खरंच बोलला असंन तो.” ती निवृत्तीकडे वळली. “तू आत्ताच्या आत्ता मोताळ्याले निघ. घोडी घे पाटलाची. तोडे घेऊन सकाळी कचेरीपुढं ये. विमल देणार नाही. तिच्या सासूले सांग, चोरीचा माल आहे, पोलीस येतीन. मंग ती स्वतःच काढून देईन.”

“आई, विमलले ते...”

“माहीत आहे मले.”

सगुणा दारातून हलली नव्हती. तिने सासूकडे पाहिलं, त्या पाहण्यात आभार नव्हते. मनकर्णाबाईनेही त्यांची वाट पाहिली नाही. तिने सरी पुन्हा चिंधीत बांधली आणि कमरेला खोचली.

“गाडी नाक्यावर जाणार नाही. बुलढाण्याले जाईन, पहाटेच,” ती म्हणाली. “साहेब उठायच्या आत मले कचेरीपुढं बसायचं आहे. सगुणे, तू थान धुऊन घे अन् पोरीले पाज. अन् विमलची खोली झाडून ठेवा. ती आता इथंच राहीन.”